बांधावरचा येसबा

राजे स्वतः वाढपी होऊन पंगतीत फिरत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, नीट ऐका.

एका राज्यात पायचेंडूचा खेळ सगळ्यांचा लाडका होता. चिंध्या गच्च आवळून वर कातडं शिवलेला चेंडू. तो पायाने ढकलत न्यायचा आणि समोरच्यांच्या दोन खांबांमधून पलीकडे घालवायचा. हात लावायचा नाही. सुगी आटोपली की गावोगावचे संघ खेळायला लागत, आणि फाल्गुनात राजा त्या सगळ्यांना जेवायला बोलवी. जास्त जिंकलेल्यांना पहिली पंगत, मधल्यांना मधली, उरलेल्यांना शेवटची. पहिल्या पंगतीला वाफाळता भात आणि वर तुपाची धार. शेवटच्या पंगतीला तळाचा भात, जरासा करपलेला. तूप तोवर संपलेलं असे.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावाचा संघ आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून शेवटच्या पंगतीत बसत आला होता. वाढपी त्यांना लांबूनच ओळखायचे. "आलात? बसा बसा, तुमची जागा कोण घेतंय!"

त्या गावात येसबा नावाचा माणूस राहायचा. डोंगरातून पळसाची पानं आणायची आणि पत्रावळी टाचायच्या, हे त्याचं काम. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्याने पहिला खेळ पाहिला, तेव्हा गाव हरलं होतं. बापाचा खांदा गेला, येसबाचे केस पिकले, पण मैदानाच्या बांधावर बाभळीखाली उभं राहणं काही सुटलं नाही.

गाव दोन-तीन चेंडूंनी मागे पडलं की बाकीची मंडळी कपडे झटकून उठत. "चला, गुरं सोडायचीत." दर खेळाला नेमकी त्याच वेळी गावची गुरं कशी सोडायची असत, देव जाणे. येसबा हलत नसे. घसा फुटेपर्यंत एकेकाला नावाने हाक मारी. "राणू, डावीकडे बघ! पळा रे, अजून उन्हं आहेत!" खेळ संपला की खाली उतरून प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवी आणि मगच घरी जाई.

घरी त्याची बायको भागा दारातच विचारी, "कसं झालं?"

"फार छान खेळले गं."

"म्हणजे हरले."

"हरले, पण आज पहिल्यासारखे नाही हरले. बरे हरले."

"हातपाय धुवा," भागा म्हणे. ती मनाने मऊ होती. तिनेही त्या संघासाठी देवाला पुष्कळ नवस बोलले होते. हसून म्हणायची, "देवाच्यासुद्धा हाताबाहेरचं काहीतरी असणारच की."

असं चाललं होतं. एका वर्षी मात्र राजाने नवा नियम काढला. शेवटच्या पंगतीतही जो संघ सगळ्यांच्या मागे राहील, त्याचं पान पुढल्या वर्षापासून मांडायचं नाही. पान नाही म्हणजे खेळ नाही. आणि खेळ नाही म्हणजे गावचं मैदान राजाच्या घोड्यांना चरायला.

ही दवंडी ऐकली आणि येसबा भरल्या ताटावरून उठला. "मैदान गेलं तर मी उभा कुठे राहू गं?"

"घरात राहा. मला तरी दिसाल," भागा म्हणाली. पण तिने पाहिलं की तो हसत नाही, आणि मग तिनेही थट्टा आवरली.

खेळ सुरू झाले. गाव हरलं. पुन्हा हरलं. पुढच्या खेळाच्या सकाळी येसबाला असा ताप भरला की त्याला खाटेवरून उठता येईना. जन्मात पहिल्यांदा बांधावरची त्याची जागा रिकामी राहिली.

आणि त्या दिवशी गाव जिंकलं!

का जिंकलं, तेही सांगायला हवं. समोरच्या गावाची नाव नदीत वाळूवर रुतली होती. ते बिचारे कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले, कुडकुडत, ओल्या धोतरांनी, आणि तसेच खेळायला उभे राहिले. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण जिंकल्यावर असल्या गोष्टी ध्यानात ठेवायला कोणाला आवडतं?

आरडाओरडा येसबाच्या खाटेपर्यंत पोचला. तो ताडकन उठून बसला. "भागे, ऐक! हे हरल्याचं ओरडणं नव्हे!" आणि तो लहान मुलासारखा रडला. भागाने त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. तापाने तोंड कडू झालं होतं, तरी त्याने ती चाटून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पारावर सगळे जमले. त्यांत पाटलांचा मेहुणा होता. तो बहिणीकडे चार दिवसांसाठी आला होता आणि बरीच वर्षं राहिला होता. खेळ त्याला कळत नसे, पण बोलणं त्याचं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, अरे, हे आपल्याला कसं सुचलं नाही?

तो म्हणाला, "खेळणारे तेच. चेंडू तोच. मैदान तेच. मग काल निराळं काय होतं?"

"त्यांची नाव अडकली होती," कोणीतरी पुटपुटलं.

"नाव राहू द्या हो. बांधावर कोण नव्हतं, ते सांगा."

सगळ्यांच्या माना येसबाच्या घराकडे वळल्या.

"जन्मभर तो माणूस तिथे उभा आहे, आणि जन्मभर आपण हरतोय. मी काही म्हणत नाही. तुम्हीच बघा."

आता हिशेब दिसायला किती सरळ होता! जो एकही खेळ चुकवत नाही, तो प्रत्येक हरण्याला हजर असणारच. जे गुरं सोडायला उठून जायचे त्यांच्यावर कोण आळ घेणार? पण पारावर एवढा विचार कोणी केला नाही. आधी थोडे हसले, मग हसायचे थांबले, आणि मग एकमेकांकडे न बघता उठले.

संघाचा म्होरक्या राणू येसबाच्या दारात आला. याच राणूचा घोटा सुजला होता तेव्हा येसबाने त्याला पाठुंगळी घेऊन घरी पोचवलं होतं.

"ये रे राणू, बस. भागे, गूळ आण. ताप उतरलाय माझा, उद्याच्या खेळाला मी येतोच."

राणू बसला नाही. उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "काका, उद्या... तुम्ही जरा घरीच थांबलात तर?"

"अरे, बरा झालोय मी."

"तसं नाही, काका. लोक म्हणतायत... म्हणजे मी नाही म्हणत..."

येसबाला समजायला थोडा वेळ लागला. भागाला अजिबात लागला नाही. ती गुळाची वाटी घेऊन तिथेच थबकली. "अगोबाई! म्हणजे माझा नवरा पनवती झाला का तुमचा? सगळं गाव पाठ फिरवून जायचं, तेव्हा तुझ्या पाठीवर हात कोणाचा असायचा रे?"

राणूची मान खाली गेली. पण येसबा हळूच म्हणाला, "थांब गं. त्याला बोलू नकोस. मी न गेल्याने ते जिंकत असतील, तर न जाणं हेच माझं जाणं."

त्याने देवापुढे सुपारी ठेवली आणि बोलला, "देवा, यंदाचे खेळ संपेपर्यंत मी बांधावर पाय ठेवणार नाही, खेळ डोळ्यांनी बघणार नाही. माझ्या गावाचं पान राहू दे."

भागा आयुष्यभर व्रतं करत आलेली. ती म्हणाली, "असला नवस मी कुठे ऐकला नाही. नवसाने माणूस देवाच्या जवळ जातो. तुम्हाला यांनी माणसांतून उठवलंय, आणि तुम्ही त्याला नवस म्हणताय."

येसबाने सुपारीला पुन्हा एकदा हात जोडले.

दुसऱ्या दिवशीचा खेळ बरोबरीत सुटला. झालं! गावाची खात्रीच पटली. पण त्याच्या पुढच्या खेळाला गाव हरलं, तेव्हा मेहुण्याने मान हलवली. "येसबा घरी होता खरा, पण अंगणात होता. अंगणात ओरडणं ऐकू येतं. कानांनी आला म्हणजे आलाच की."

निरोप मिळताच येसबा उठला आणि डोंगरात गेला, जिथे गावचा आवाज पोचत नाही. पळसाची पानं तोडत तो एकटाच बसला. तिथे माळावर एक टिटवी होती.

"तुला कशासाठी हाकललं?" टिटवीने विचारलं.

"हाकललं नाही, मीच आलोय. मी असलो की माझा संघ हरतो."

"असं होय! मग तू माझाच भाऊ. मला साप दिसतो, म्हणून मी ओरडते. लोक म्हणतात, ही ओरडली म्हणून साप आला. दगड मारतात. सापाला नाही रे, मला." टिटवी एका पायावर उभी राहिली. "परत जा, येड्या. तू हरणं आणत नव्हतास. हरण्यात थांबत होतास."

येसबाला ते पटलं. अगदी पटलं. पण पटूनही तो उठला नाही. "तुझं खरं असेल, बाई," तो म्हणाला, "पण मी गेलो आणि ते हरले तर? एवढी जोखीम मी नाही घेऊ शकत. माझा फार जीव आहे गं त्यांच्यावर."

गाव पुढचाही खेळ हरलं. आता येसबा तर डोंगरात. मग दोष कोणाचा? कोणी म्हणालं, तांबटाच्या काकू शिंकल्या. काकूंना घरी बसवलं. पुढच्या खेपेला सुताराने नवं पागोटं घातलं होतं, ते नडलं. सुतार घरी बसला. मग एक बाई काळं लुगडं नेसून आली होती, तिला उठवलं. शेवटी बोट मेहुण्यावरच आलं, कारण तो खेळ बघताना जांभया द्यायचा. तो रागावून आपल्या गावी निघून गेला. पण त्याने पेरलेलं गावातच राहिलं. दुसऱ्याने बोट दाखवायच्या आत आपण घरी बसलेलं बरं, असं जो तो मनात म्हणू लागला.

शेवटचा खेळ आला. नुसती बरोबरी झाली असती तरी गावाचं पान राहिलं असतं.

पलीकडच्या बांधावर समोरच्या गावाची म्हातारीकोतारी, बायाबापड्या घसा ताणून ओरडत होत्या. अलीकडच्या बांधावर एकही माणूस नव्हता. गाव एका चेंडूने मागे होतं. राणू धडपडला, गुडघा फुटला. उठता उठता त्याची नजर सवयीने बांधाकडे गेली. बाभळीखाली तिची सावली पडली होती. दुसरं काही नव्हतं.

"कोणासाठी पळायचं रे?" मागून कोणी म्हणालं. उन्हं बरीच शिल्लक होती, पण पाय जड झाले. खेळ संपायच्या आधीच ते मैदानातून चालत बाहेर आले.

राणू घरी गेला नाही. लंगडत डोंगर चढून तो येसबाकडे गेला. "काका, घरी चला."

येसबाने त्याचा चेहरा पाहिला. "कितीने?"

"एका चेंडूने."

येसबाने हातातली पानं खाली ठेवली आणि म्हणाला, "माझंच चुकलं रे, राणू."

"तुमचं काय चुकलं, काका? तुम्ही तर इथे होतात."

"नवस होता ना, खेळ बघायचा नाही म्हणून. पण दुपारी पानं तोडताना डोळा मिटला, आणि मला सगळं मैदान दिसलं. तू डाव्या अंगाने येत होतास. मला राहवलं नाही. मी मनातल्या मनात हाक मारली तुला. तिथेच नवस मोडला. म्हणून गेलं आपलं पान."

राणूला हुंदका आवरेना. "नाही हो काका, नाही! खोटं होतं ते सगळं. त्या दिवशी त्यांची नाव अडकली होती. आईची शपथ. तुम्ही बांधावर नव्हतात, म्हणून आम्ही पळायचं सोडलं."

येसबाने नेहमीसारखा त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू मनाचा मोठा आहेस, म्हणून असं म्हणतोस."

फाल्गुनात राजाची जेवणावळ झाली, आणि त्या गावाचं पान मांडलं गेलं नाही. चैत्रात घोडे आले. राणू घरोघर जाऊन सांगत राहिला, की येसबाकाकांचा काही दोष नव्हता. लोक ऐकून घेत. "असेल, असेल," म्हणत. पण येसबाच्या दारात जाऊन त्याला तसं सांगायला कोणी गेलं नाही. जिवंत होता तोवर येसबा, वाटेत संघातलं कोणी भेटलं, की डोक्यावरचा पानांचा भारा खाली ठेवून हात जोडी आणि म्हणे, "पोरांनो, मला माफ करा."

देव सगळ्यांना सद्बुद्धी देवो. पण ऐकणाऱ्यांनी एवढं मनात धरावं: हरताना जो सोबत उभा राहतो, त्यालाच हरण्याचं कारण ठरवू नये, कारण तो ते खरं मानतो आणि मग आपल्यालाही ते खोडता येत नाही.