हरल्याचे पेढे

एकदा एक वृद्ध वस्ताद सामना हरल्याचे पेढे वाटत पेठेतून फिरला. जिंकल्यावर पेढे वाटणारे आपण सगळेच पाहतो. पण हा गृहस्थ हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन दारोदार चाललेला, मागे मान खाली घातलेला त्याचा शिष्य, आणि त्याच्याही मागे चिखलाने माखलेली, एका खेड्याच्या संघाकडून सहा गोल खाऊन आलेली पोरे.

पानपट्टीवाल्याने विचारले, "वस्ताद, कुणाला मुलगा झाला?"

"मुलगा नाही. आपली पोरं हरली, त्याचे."

"हरली? मग पेढे त्या गावानं वाटायचे. तुम्ही कशाला खर्चात पडता?"

लोक हसले. चौकातल्या कट्ट्यावर तालमीचा एक जुना खेळाडू बसला होता, त्याला मात्र हसू आले नाही. "आमच्या वेळी हरून आलो तर घरात कुणी पाणी विचारत नव्हतं, आणि आता पेढे! वय झालं वस्ताद तुमचं, घरी बसा." वस्तादाने त्याच्याही हातावर पेढा ठेवला आणि तो पुढच्या दाराकडे वळला.

हे कोडे उलगडायचे तर मागच्या दोन हंगामांत जावे लागेल.

त्या शहरात प्रत्येक पेठेची एक तालीम, आणि प्रत्येक तालमीचा एक फुटबॉल संघ. आखाड्यातली माती केव्हाच वाळली होती, पण पेठेची सगळी ईर्ष्या चेंडूत उतरली होती. हंगामाच्या सुरुवातीला संघ आपापल्या खेळाडूंची नावे नोंदवत. एकदा नाव लागले की त्या हंगामात तो खेळाडू दुसऱ्या कुणाकडून खेळू शकत नसे. या पेठेच्या मंडळाचे अध्यक्ष होते एक कापडव्यापारी. माणूस दिलदार. स्वतःच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकता टाकता "गोल किती झाले?" म्हणून विचारणारा. पण व्यापाऱ्याची एक सवय त्यांनी मैदानावरही आणली. चांगला माल दिसला की तो दुसऱ्याच्या दुकानात जाण्याआधी आपल्या फडताळात ठेवायचा. गावोगावची, गल्लोगल्लीची गुणी पोरे हुडकून ते सर्वांच्या आधी त्यांची नावे नोंदवून टाकत. पोरांना बूट मिळत, अंडी-दूध मिळे, पाठीवर थाप मिळे. सामना मात्र मिळत नसे. पेठेला साध्या पहिल्या फेरीतली हारसुद्धा सोसवत नसे, म्हणून प्रत्येक वेळी जुनी, मुरलेली मंडळीच उतरत. बरे, पोरांनी आपापसात कुठे बाहेर जाऊन खेळावे, तर तेही नाही. तालमीची जर्सी घालून कुठल्याशा खेड्यात हरलात तर नाव कुणाचे जाणार?

अशा नोंदवून ठेवलेल्या पोरांत एक शिवतेज होता. वडील फाउंड्रीत कामाला, आई घरी शिवणकाम करणारी. डावा पाय असा, की चेंडू त्याच्या बुटाचे ऐकतो आहे असे वाटावे. वस्ताद थकल्यामुळे तालमीचा सराव आता त्याचा शिष्य घेत असे. धैर्यशील त्याचे नाव. त्याने या पोराला जीव लावला. गोलपोस्टच्या आडव्या दांडीला त्याने एक जुना टायर टांगला होता. पहाटे पहाटे शिवतेज लांबून मारी आणि चेंडू टायरमधून पार होई. दूध आणायला निघालेली माणसे किटली हातात घेऊन तिथेच उभी राहत.

"दादा, मला कधी उतरवणार?" पोरगा विचारी.

"अजून थोडं. असा उतरवीन तुला, की गाव बघत राहील."

"आमच्या गावच्या जत्रेत सामने हायत. तिथं तरी खेळू?"

"खडकाळ मैदानावर पाय मोडून घेशील. आणि नाव आपल्याकडं लागलंय तुझं, विसरू नकोस."

वस्ताद कधीमधी काठीवर रेलून हे ऐके. एकदोनदा तो म्हणालाही, "धैर्या, पोराला खेळव रे." शिष्य नम्रपणे सांगे, "पूर्ण तयार होऊ दे, वस्ताद. कच्चं फळ तोडायचं नाही." वस्ताद मग गप्प बसे. दोन हंगाम असेच गेले.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी पेठ अंतिम सामन्यात पोचली. मैदानाबाहेरच्या घरांच्या गच्च्यादेखील माणसांनी भरल्या होत्या. बरोबरीत सामना चालू असताना संघाचा मुख्य आघाडीवीर पाय धरून खाली बसला. अध्यक्षांनी शिष्याकडे पाहिले, शिष्याने शिवतेजकडे. दोन वर्षे जपलेले नाणे आता वाजवायचे होते.

शिवतेज उतरला. पहिलाच चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याच्या बुटाखालून घसरून रेषेबाहेर गेला. चूक किरकोळ होती. असे चेंडू प्रत्येक सामन्यात शेकड्याने जातात. पण प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडले, "टायर आणा रे, टायर! त्याला टायर लागतोय!" आणि अख्खी गॅलरी हसली.

त्यानंतर जे घडले ते फक्त वस्तादाला दिसले. पोरगा धावत होता, पण चेंडूकडे नव्हे. जिथे आपल्याला कुणी चेंडू देऊ शकणार नाही अशा जागा तो शोधत होता, प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे लपत होता. तरी अखेर चेंडू त्याला सापडलाच, तोही आपल्याच गोलजवळ. घाईघाईने, मान वर न करता त्याने तो मागे ढकलला. मध्येच दुसऱ्या पेठेचा खेळाडू उभा होता. त्याने गोल केला आणि सामना तिथेच संपला.

त्याला कुणी मारले नाही, शिवी दिली नाही. जुने खेळाडू त्याच्याशी बोललेच नाहीत. अध्यक्ष एवढेच म्हणाले, "दोन वर्षं पोसलं, आणि..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. दुसऱ्या दिवशी तालमीच्या दारात शिवतेजचे बूट ठेवलेले सापडले. स्वच्छ पुसलेले. शिष्य त्याच्या घरी धावला, तेव्हा पोरगा वडिलांबरोबर फाउंड्रीत जायला निघाला होता.

"उद्यापासून परत सुरू करू," शिष्य म्हणाला. "सराव वाढवू आपण."

शिवतेज रागावला नाही. म्हणाला, "दादा, टायर हलत नव्हता हो. तिथं सगळंच हलत होतं." आणि तो गेला.

पुढच्या हंगामात वस्ताद स्वतःहून अध्यक्षांकडे गेला. म्हणाला, "मोठा संघ तुमचा तुम्ही खेळवा. नोंदवून बसवलेली पोरं मला द्या. दर रविवारी खेळवीन. कुठंही, कुणाशीही." पेठ आधीच खिन्न होती, वाद घालण्याची कुणाला उमेद नव्हती, म्हणून परवानगी मिळाली. पहिल्याच रविवारी पोरे सहा गोलांनी हरली, आणि परतताना वस्ताद हलवायाच्या दुकानात शिरला. पुढचे आपण पाहिलेच.

वाटत वाटत तो कापडाच्या दुकानाशी आला. अध्यक्ष गादीवर होते. त्यांच्यापुढे पेढा ठेवला तसा त्यांचा बांध फुटला.

"वस्ताद, माझी अब्रू तरी ठेवा! तालमीची जर्सी घालून सहा गोल! आणि वर गावभर दवंडी! पोरं अजून कच्ची आहेत, हे दिसत नाही तुम्हाला?"

शिष्यही न राहवून बोलला, "शेठ बरोबर बोलतात. मलाही कळलं नाही, वस्ताद. हरल्याचा आनंद कसला?"

दुकानात अध्यक्षांचा मुलगा एका गिऱ्हाइकापुढे तागा उलगडत होता, त्याच्याकडे वस्ताद पाहत राहिला. "शेठ, पोरगं झकास बोलतंय. गिऱ्हाइकापुढं पहिल्यांदा कधी उभं केलंत?"

अध्यक्ष क्षणभर राग विसरले. व्यापाऱ्याला दुकानाबद्दल विचारा, तो जेवण सोडून सांगेल. "दहावीच्या सुट्टीत! अहो, पहिल्याच दिवशी एका मास्तरांनी साडेतीन मीटर मागितलं, आणि ह्यानं अडीचच फाडलं. भारीतलं सुटिंग! मास्तर ओरडले, भरल्या दुकानात ह्याचा चेहरा पांढरा पडला. संध्याकाळी आईला म्हणाला, मी उद्या जाणार नाही."

"मग? घरी ठेवला असेल."

"घरी कशाला ठेवीन? दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना कात्री त्याच्याच हातात दिली."

"का हो? दोन वर्षं माडीवर बसवून रद्दी फाडायचा सराव द्यायचा होता. पूर्ण तयार झाला, की मग ऐन दिवाळीत, दुकान भरलेलं असताना उतरवायचा."

मुलगा हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांचा हात गादीच्या कडेवरून फिरत राहिला. मग ते म्हणाले, "रद्दी फाडताना मास्तर ओरडत नाहीत, वस्ताद."

"तेवढंच सांगायला आलो होतो," वस्ताद म्हणाला, आणि मग शिष्याकडे वळला. "धैर्या, तुझा सराव खोटा नव्हता. चेंडू कसा मारावा हे तू त्या पोराला माझ्यापेक्षा उत्तम शिकवलंस. पण चेंडू चुकल्यावर पुढचा चेंडू येईपर्यंत मधला जो काळ असतो, त्या काळात माणसानं काय करावं, हे सरावात शिकवता येत नाही. सरावात आपण थांबवतो, समजावतो, परत मारायला लावतो. सामना थांबत नाही. तो काळ प्रत्येकाला एकट्यानं काढावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा काढूनच तो अंगवळणी पडतो. ज्याला दर आठवड्याला सामना आहे, त्याची चूक पन्नास माणसांपुढं होते, आणि पुढच्या रविवारी ती धुऊन निघते. शिवतेजला आपण एकही लहान चूक करू दिली नाही. सगळ्या चुका साठवल्या आणि त्या एका दिवशी, अख्ख्या गावापुढं त्याच्या पदरात टाकल्या. त्याला तू कच्चा म्हणायचास. पण सामना हीच ती ऊब, जिच्यात फळ पिकतं. तिच्याशिवाय ठेवलेलं फळ पिकत नाही, नुसतं जून होतं. आज ही पोरं सहा गोलांनी हरली आणि उद्या कुणी बूट टाकून जाणार नाही, कारण पुढच्या रविवारी पुन्हा सामना आहे. पेढे हरल्याचे नाहीत रे. त्या पुढच्या रविवारचे आहेत."

मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि मलाही दिसत होतं, तरी मी दोनदाच बोललो. तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं."

अध्यक्षांनी पेढा उचलला, पण तोंडात घातला नाही. जी पोरे आपण उतरवणार नाही, त्यांची नावे यापुढे मोकळी सोडायची, दुसऱ्या पेठेकडून खेळली तरी चालेल, असे ते पुटपुटले. बोलताना त्यांना कष्ट पडत होते. व्यापारी माणसाला हातचा माल सोडणे किती जड जाते, हे ज्याने दुकान केले आहे त्यालाच कळेल.

खोक्यात शेवटी दोन पेढे उरले होते. ते कागदात बांधून शिष्य त्या संध्याकाळी शिवतेजच्या घरी गेला. आईने चहा टाकला. पोरगा नुकताच कामावरून आला होता, नखांत काळी वाळू होती. शिष्याने सगळे सांगितले. खेड्याचा सामना, सहा गोल, वस्तादाचे बोलणे. शिवतेज ऐकताना हसलासुद्धा.

"रविवारी ये," शिष्य म्हणाला. "साधा सामना आहे, बघायलासुद्धा कुणी नसतं."

"रविवारी पाळी असत्या."

"बदलून घे की."

"बदलून मिळतीया, दादा." त्याने नखांतली वाळू खरवडली. "पण मला आता भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"चेंडू माझ्याकडं येईल याचं."

शिष्याने कप खाली ठेवला, आईला नमस्कार केला आणि तो बाहेर पडला.

पुढच्या रविवारी पोरे नदीपलीकडच्या एका गावात खेळायला गेली. मैदान उंचसखल, एका बाजूला बांधलेली म्हैस, बघायला चार रिकामटेकडी माणसे. शिष्य दगडावर बसून सारखा रस्त्याकडे पाहत होता. अर्धा सामना झाला, आणि मग त्याने पाहणे सोडले.

त्याच सुमारास बचावातल्या एका मुलाने मान वर न करता चेंडू मागे ढकलला. हुबेहूब तशीच चूक. समोरच्या संघाने तो टिपला आणि गोल झाला. मुलाने घाबरून रेषेबाहेर शिष्याकडे पाहिले. शिष्य अर्धवट उठला होता, शब्द ओठांपर्यंत आले होते. त्याने ते गिळले आणि नुसते मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवले. तिथे पंच चेंडू पुन्हा मांडत होता.

मुलाने बाहीने तोंड पुसले आणि तो धावला. खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात, ज्याने चेंडू गमावला होता तोच मुलगा हात वर करून, मोठ्याने ओरडून, तो स्वतःकडे मागत होता.

शेजारी बसलेल्या वस्तादाने शिष्याकडे पाहिले. शिष्याचे डोळे भरले होते, आणि ते या मुलासाठी भरले नव्हते, हे वस्तादाने ओळखले.