गादीला ऊन

दुर्गोजीराजे भर दरबारात खाजवत होते! आधी कोपर, मग मान, मग राजाने चारचौघांत जिथं खाजवू नये तिथं. दरबारी छताकडे बघत बसले होते. दुसरं करणार काय? महाराजांसमोर खाजवायला बंदी होती, आणि महाराज खाजवताना बघायलाही बंदी होती.

"पिसवा!" शेवटी महाराज ओरडले. "माझ्या राजवाड्यात पिसवा! आणल्या कोणी?"

"कुंभाराच्या कुत्र्यानं!" दिवाणजी तत्काळ म्हणाले. "कुंभाराची लेक कौलं घेऊन आली होती ना, तेव्हा तो दारात लोळत होता."

दिवाणजींचं हे नेहमीचंच. पाऊस लांबला तरी ते आधी कुंभाराकडे बोट दाखवत.

"मग ऐका हुकूम!" खांबाला पाठ घाशीत महाराज गरजले. "ज्याच्या अंगावर पिसवा, त्याला गोणीत घाला आणि खाडीत बुडवा!"

शिपाई गेले आणि ढोल्या नावाच्या त्या कुत्र्याला दोरीनं ओढत घेऊन आले. त्यांच्यामागून कुंभाराची येसू धावत आली. चिखलाचे हात पुसायलाही ती थांबली नव्हती.

"महाराज, माझा ढोल्या पायरीच्या वर चढला नाय! त्याला रोज खाडीत आंघोळ घालते मी. त्याच्या अंगावर पिसू टिकेल कशी? पिसवा तुमच्या या गादीतल्या हायत. हिला ऊन कधी दाखवलं होतं?"

गरिबाघरची वाकळसुद्धा वर्षातून चारदा अंगणात पडते. पण ही राजगादी महाराजांच्या पणजोबांनी जिथं टाकली तिथंच होती. 'गादी हलली की राज्य हललं,' असं ते म्हणून गेले होते. तेव्हापासून कोणी तिच्याखाली केरसुणीसुद्धा घातली नव्हती. पिसवांच्याही तिथं चार पिढ्या सुखानं नांदल्या असतील.

"गादी उन्हात? कदापि नाही!" महाराज म्हणाले. "पण तू एवढी शहाणी ना? मग उद्या दुपारी तूच घालव गादीतल्या पिसवा! गादी तसूभर हलता कामा नये. तिला कोणी हात लावायचा नाही. धूर नको, मला ठसका लागतो. कडुलिंब नको, मला वास सोसत नाही. जमलं तर कुत्रा तुझा. नाही तर गोणी तयार आहे!"

ढोल्या बिचारा येसूकडे बघून शेपूट हलवत होता. तिनं गादीकडे पाहिलं. मग तिनं वर पाहिलं. वर तिच्याच बापानं भाजलेली कौलं होती. येसूला हसू फुटलं.

"मला फक्त एक शिडी द्या, महाराज."

"शिडी?" दिवाणजी खो खो हसले. "पिसवा माळ्यावर चढवणार का गं?"

"उतरवते की नाय ते बघा, दिवाणजीसाहेब!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दरबार भरला. महाराज गादीवर, दरबारी सावलीत, ढोल्या शिपायांच्या दोरीला. येसू शिडीवरून छपरावर गेली आणि एकेक कौल उचलून बाजूला ठेवू लागली. उन्हाचा मोठा चौकोन धाडकन गादीवर पडला.

"अगं ए! माझं छप्पर!"

"गादी उन्हात न्यायची नाय म्हणालात, महाराज. ऊन गादीवर आणायचं नाय, असं कुठं म्हणालात?"

बघता बघता गादी तव्यासारखी तापली. एक पिसू उडाली. दुसरी उडाली. मग तर लाह्याच फुटायला लागल्या! साऱ्यांना सावली हवी होती, आणि सावलीत दरबारी बसले होते. वैद्यबुवांचे डोळे मोठे झाले. तलवारीला न भिणारे सेनापती मिशी चावू लागले. दिवाणजींच्या पगडीत काहीतरी शिरलं आणि त्यांची डावी भुवई आपोआप नाचू लागली. महाराजांसमोर खाजवायचं कसं?

"अरे, मला काही चावत नाही!" घामाघूम महाराज आनंदानं ओरडले.

दिवाणजींना ते सहन झालं नाही. ते ताडकन उठले. "पण महाराज, पिसवा गेल्या कुठं? त्या इथंच आहेत! माझ्या पाठीवर आहेत, पोटावर आहेत, पगडीत आहेत! पोरगी हरली! कुत्र्याला बुडवा!"

महाराजांचा चेहरा उतरला. "खरंच की. पिसवा घरातच राहिल्या. आणा रे गोणी!"

"एक कशाला? ढीगभर आणा!" छपराच्या भोकातून येसूचं डोकं खाली आलं. "आणि दिवाणजींसाठी जरा मोठी बघा! ज्याच्या अंगावर पिसवा, त्याला गोणीत घालून बुडवा, हा हुकूम आपलाच ना, महाराज? ढोल्याच्या अंगावर एक तरी पिसू दाखवा. दिवाणजींनी तर आपल्या तोंडानं कबूल केलंय!"

शिपायांनी मोठ्या हौसेनं गोणी झटकली. ते पाहताच दिवाणजी पळत सुटले! त्यांच्यामागे वैद्यबुवा, वैद्यबुवांमागे सेनापती. गोणीत जायच्या आत सगळ्यांनी कपड्यांसकट खाडीत उड्या मारल्या.

"बघा, महाराज!" गळ्याइतक्या पाण्यातून दिवाणजी ओरडले. "अंगावर एकसुद्धा नाही!"

खिडकीतून ते पाहून महाराजांना हसू आवरेना. येसू शिडीवरून खाली उतरताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. मग खुशीत येऊन खांद्यावरचा जरीचा शेला ढोल्याच्या अंगावर टाकायला गेले. ढोल्यानं शेला हुंगला आणि शेपूट घालून येसूच्या मागे लपला.

"अरे, राजाचा शेला नाकारतोस?"

"त्याला आपला हुकूम ठाऊक हाय, महाराज!" येसू म्हणाली. "आधी शेल्याला ऊन दाखवा!"

महाराज गादीवर कोसळून असे गडगडा हसले, की गादी त्यांच्यासकट चांगली हातभर सरकली. ते दचकले. घाईघाईनं त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. राज्य होतं तिथंच होतं, फक्त दिवाणजी खाडीत होते.