निजमायच्या उंबऱ्यावर

एका राज्यात झोप मोडणाऱ्याचा हात तोडत असत. कुणाची झोप? राजाची, आणि राजाच्या रक्ताची. तुमची-आमची झोप कोंबडा मोडतो, सासू मोडते, रिकामं पोट मोडतं, त्याला कोण विचारतो! पण त्या राजवाड्यात कोंबडा पाळत नव्हते. दासी अनवाणी चालत. भालदार-चोपदार हाताच्या खुणांनी बोलत. राजा निजला की वाऱ्यालासुद्धा दार बंद.

त्या वाड्यात केतकावती नावाची राणी नांदत होती. डोंगरातल्या मुलुखातून सून होऊन आली होती. तिला पहिला मुलगा झाला. पाळण्यात घातला तो निजला, आणि निजूनच राहिला. बायका म्हणाल्या, "काय गुणी बाळ हो! आईला त्रास म्हणून नाही." राणीची छाती दुधानं दगडासारखी झाली, चोळी भिजून अंगाला चिकटली, पण निजल्या राजपुत्राला उठवायचं कुणी? ते गुणी बाळ बारशाच्या आधी गुणीपणानंच गेलं. दुसरा झाला. तोही गुणी. तोही गेला. मग राजा दुःखानं आडवा झाला आणि त्यालाही कुणी उठवलं नाही. राजा निजला तो निजलाच. राणीच्या पोटात तेव्हा तिसरा होता.

तो तिसरा जन्मला तोच राजा होऊन. नाळ कापली आणि राजाचा टोप उशाशी ठेवला. टोप बाळापेक्षा मोठा होता.

बाळानं दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. पाचवी आली. पाचवीला सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून बायकांनी पाट मांडला, पूजा केली, रात्र जागून काढली. बायका जागल्या, बाळ निजलं. उजाडल्यावर राणीनं दुपट्यात हात घातला. लंगोट कोरडा. काल बांधला तसाच, कोरडा ठणठणीत. ओठ सुकलेले, अंगावर हळदीचा रंग. तो रंग राणीला ठाऊक होता. दोनदा पाहिला होता.

पाळण्याची दोरी धरून राजमाता बसली होती. राणी म्हणाली, "आईसाहेब, लेकराला उठवते आणि पाजते."

"लेकरू म्हणू नकोस, सूनबाई. महाराज आहेत. महाराज निजलेत."

"महाराज उपाशी आहेत."

"भूक लागली की रडतील."

"रडायला अंगात बळ लागतं, आईसाहेब. ते कुठून आणायचं?"

राजमातेनं दोरी सोडली नाही. "कायदा तुझ्या सासऱ्यांचा आहे. हात राणीचा असला म्हणून कुऱ्हाड बोथट होत नाही."

राणी खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर कठड्यावर टिटवी बसली होती. टिटवी अपशकुनी, ओरडली की माणूस मरतं म्हणतात. वाड्यातले लोक तिला दगड मारत. माणूस मरतं म्हणून ती ओरडते, हे कुणी ध्यानात घेत नाही.

टिटवी म्हणाली, "बाई, तिसराही घालवणार का?"

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय करू ते सांग."

"मग ऐक. तुझा सासरा राज्य करत होता तेव्हा एक बाई या दारात आली. कडेला नुकतं जन्मलेलं पोर. पोर उठेना, पिईना. राजवैद्य राजाच्या हुकुमावाचून पायरी उतरत नव्हता. ती म्हणाली, राजाला उठवा. दारावरचे म्हणाले, महाराज निजलेत. ती ओरडत राहिली, राजा घोरत राहिला. उजाडलं तेव्हा पोर गार झालं होतं. ती म्हणाली, या घरात कुणाची झोप मोडणार नाही. आणि रानात निघून गेली. तिचं नाव निजमाय. शाप तिच्याच उंबऱ्यावर मोडतो. वाटेत दोन वेशी, तिसरा तिचा उंबरा. तिन्ही ठिकाणी लेकरू प्यायलं पाहिजे. एके ठिकाणी जरी उपाशी निजलं, तर पुढं जाऊ नकोस, तिथंच खड्डा खण."

"मी ओली बाळंतीण आहे. चालवेल का मला?"

"विचारतेस, की सांगतेस?"

"सांगते," राणी म्हणाली. "चालते."

तिनं पाळण्यातल्या शालींसकट बाळ उचललं आणि भर सकाळी राजवाड्याच्या मोठ्या दारातून बाहेर पडली. भालदारांनी पाहिलं. पण ओरडावं तर महाराज उठतील! त्यांनी हात हलवले, भुवया उडवल्या, एकानं तर मुंडासं काढून फडकवलं. राणीनं तिकडं पाहिलंच नाही.

पहिली वेस उबेची होती. रानात शिरताच भुई शेगडीसारखी तापली. झाडांची पानं लोकरीची होती. राणीच्या पापण्या जड झाल्या. बाळ शालींमध्ये असं बुडालं, जणू पाण्यात खडा.

टिटवी वरून ओरडली, "सोल त्याला!"

"गारठेल गं."

"तुझ्या उरापेक्षा ऊबदार शाल कोणत्या विणकरानं विणली?"

राणीनं एकेक शाल सोडली. शाली भुईवर पडल्या, त्यांच्या घोरपडी झाल्या आणि सरपटत निघून गेल्या. उघडं बाळ तिनं उघड्या छातीशी धरलं, वरून नुसता पदर घेतला. बाळाचं अंग शहारलं. तिनं दुधाचा थेंब पिळून त्याच्या ओठावर सोडला. ओठ हलला नाही. दुसरा सोडला. जिभेचं टोक बाहेर आलं, लाल, मुंगीएवढं. बाळ प्यालं. पानं झाडांवरून गळली आणि वाट मोकळी झाली.

दुसरी वेस अंगाईची होती. तिथं झाडं गात होती. फांदीफांदीला पाळणे टांगलेले आणि गाणं असं गोड की कुणाचेही गुडघे मोडावेत. राणी दोन पाळण्यांपाशी थांबली. एकातल्या बाळाच्या कपाळावर जन्माची लाल खूण होती. दुसऱ्याच्या मनगटात काळे मणी होते, तिनंच ओवलेले. तिचे दोघे. जसे ठेवले होते तसे.

तिनं पाळण्याच्या दोरीला हात घातला. इकडं छातीवरचं बाळ सैल पडलं. हात लोंबले, मान मागं गेली.

"दोरी सोड," टिटवी म्हणाली.

"निजलेत गं माझे. उठवून बघते. तेव्हा कुणी उठवू दिलं नाही मला."

"पाय बघ हात लावून."

राणीनं थोरल्याच्या तळव्याला हात लावला. नदीतल्या गोट्यासारखा गार.

टिटवीचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "निजले नाहीत ते, बाई. गेले. झोपेत आणि मरणात एवढंच अंतर असतं, की निजलेल्याला उठवता येतं. तुझ्यापाशी अजून एक उठवण्याजोगा आहे."

राणी मटकन खाली बसली. तिथं रडली असती तर रानाला पूर आला असता. पण रडायला वेळ कुणाला होता! तिनं बाळाला मांडीवर बसतं केलं, हनुवटी हाताच्या बेचक्यात धरली. गवतावरचं दव फडक्याला घेऊन कपाळ पुसलं, मान पुसली. तळवे चोळले. पाठीच्या मणक्यावरून बोट वर नेलं, खाली आणलं. सासरी आल्यापासून जो आवाज तिनं चढवला नव्हता तो चढवला.

"ऊठ रे! ऊठ माझ्या राजा! तुझे भाऊ गुणी होते. तू नको होऊस गुणी. तू द्वाड हो!"

झाडं गाता गाता अडखळली. बाळानं एक डोळा उघडला. राणीनं त्याला तसंच छातीला लावलं, आणि ते प्यालं. मग ती उठली, चालू लागली, आणि मागं वळून पाहिलं. पाहू नये म्हणतात. का पाहणार नाही? आई होती.

तिसरा निजमायचा उंबरा. झोपडी दगडी, दार उघडं. उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. केस पांढरे, भुईपर्यंत. छातीतून अजून दूध ठिबकत होतं आणि ज्या दगडावर ठिबके, त्या दगडाला खळगा पडला होता. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं.

"हळू," ती म्हणाली. "माझं निजलंय."

"माय, मी त्या घरची सून."

"ओळखलं. तुझ्या चालीला आवाज नाही. कशाला आलीस?"

"राजाला उठवायला."

निजमाय हसली. ते हसणं ऐकून रानातली पाखरं उडाली. "मी तुमच्या दारात घसा फुटेतो ओरडले. राजा उठला नाही. आता माझ्या दारात उठव, पोरी. बघू दे, राजा उठतो तरी कसा."

राणी उंबऱ्यावर बसली. बाळाला छातीला लावलं. त्यानं दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. ओठ मात्र हलत राहिले. राणीचा जीव भांड्यात पडला. "पितोय," ती म्हणाली.

"ओठ बघू नकोस. गळा बघ." निजमायची नजर गाठोड्यावरच होती. "माझंही असेच ओठ हलवायचं. मला वाटायचं, पितंय. मी फसले."

राणीनं कान लावला. घोटाचा आवाज नव्हता. बाळ नुसतं चघळत निजलं होतं. तिनं हातानं स्तन दाबून दूध सोडलं, एक घोट गेला. मग पुन्हा ओठ. तिनं त्याला सोडवलं, खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, दुसऱ्या अंगाला लावलं. एक घोट. पुन्हा झोप. लंगोट सोडला, पाय चोळले, पुन्हा लावलं. उन्हं डोक्यावरून कलली. टिटवी ओरडून ओरडून बसक्या आवाजाची झाली. आणि मग बाळाचं तोंड उघडंच राहिलं. दूध कडेनं ओघळून गेलं, गळा हलला नाही.

राणीनं बाळाला दोन्ही हातांवर समोर धरलं. पोटच्या लेकरासारखं नाही, राजासारखं. आणि गादीपुढं रयत बोलते तसं ती बोलली:

"महाराज! दारात एक बाई उभी आहे. तिचं लेकरू उठत नाही. राजवैद्याला हुकूम हवा आहे. रात्रभर ओरडतेय ती. आता तरी उठा, महाराज!"

निजमायनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिची फिर्याद कुणी राजाच्या कानी घातली नव्हती.

बाळाच्या कपाळाला आठी पडली. मुठी वळल्या. दोन्ही डोळे उघडले, आणि पाच दिवसांचा राजा असा रडला, असा टाहो फोडला, की झोपडीच्या छपरातली धूळ खाली आली. राणीनं त्याला छातीशी ओढलं. घोट. घोट. घोट. हावरट, गुरगुरत, नाकानं श्वास घेत. राणीला ऐकू येत होतं, निजमायला ऐकू येत होतं. पुष्कळ वेळानं राणीची मांडी ऊन झाली. लुगडं भिजलं. ती ओल हातानं चाचपून राणी हसली, आणि हसता हसता जी रडली ती थांबेना.

शाप मोडला.

निजमायनं मांडीवरचं गाठोडं सोडलं. इतक्या वर्षांत सोडलं नव्हतं. आत मूठभर माती होती.

"निजलं नव्हतं गं माझं," ती म्हणाली.

"नाही, माय."

झाडं गायची थांबली. पाळणे आपोआप भुईला टेकले. बाळ पाठीशी बांधून राणी निजमायसोबत पाळण्यांपाशी आली आणि तिनं हातांनी माती उकरली. तिचे दोघे आणि निजमायचं एक, असे तिघे शेजारी शेजारी ठेवले. टिटवी त्या मातीपाशी उतरून बसली. मग निजमाय तिथंच आडवी झाली. छातीतलं दूध थांबलं होतं. तिला झोप लागली, ती लागलीच. तिला कुणी उठवलं नाही. ती झोप तिच्या हक्काची होती.

राणी राज्यात परतली. पहिला हुकूम निघाला: झोप मोडणाऱ्याचा हात यापुढं कुणी तोडायचा नाही, आणि फिर्याद घेऊन कुणी आलं तर राजाला केव्हाही उठवायचं. भालदारांना घसे खाकरायला दोन दिवस लागले.

शाप गेला म्हणून झोपाळू लेकरू झोपाळूपणा सोडत नाही हो. राजा पुन्हा निजला. पाळण्यापाशी राजमाता बसली होती. दारामागं नवरा घोरताना ऐकलेली, दारामागं मुलगा गप्प झालेला ऐकलेली बाई. तिनं विचारलं, "निजलाय?"

"निजलाय. पिऊन पुष्कळ वेळ झाला."

राजमातेनं पाळण्याची दोरी सोडली. मग हात पुढं करून म्हणाली, "मी उठवू?"

"उठवा, आईसाहेब."

म्हातारीनं बाळाचा तळवा अंगठ्यानं असा चोळला, जणू फुलावरची धूळ पुसते. बाळ ढिम्म.

"जोरात. मोडत नाही तो."

तिनं जोरात चोळला. बाळानं लाथ मारली, तोंड वेंगाडलं आणि सगळा वाडा डोक्यावर घेतला. राजमातेनं तो पाय दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, आणि बाळापेक्षा मोठ्यानं रडली. तिला कुणी गप्प केलं नाही. राणीनं पदर सरकवून बाळाला घेतलं.

ही कहाणी ज्यानं ऐकली, त्याच्या घरचं लेकरू भुकेनं रडो, आणि रडलं की त्याला मिळो.