कासारणीचे आठ दिवस

नदीकाठी बाजारपेठेचं एक गाव होतं. त्या पेठेत सुंदरा नावाची कासारीण बांगड्या भरायला बसे. पंचक्रोशीत तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. नवरीचा हात कितीही कडक असो, सुंदरानं तो हातात घेतला, बोटं जुळवली, अंगठा आत दाबला, की बांगडी अलगद मनगटावर जाऊन बसे. ओरखडा नाही, कळ नाही. बांगडी वाढायची, म्हणजे तुटायची, ती क्वचितच. पण तुटली हा शब्द कासारणीच्या तोंडून कधी निघत नाही. भरताना सुंदरा प्रत्येकीला एकच सांगे, "हात सैल सोड गं. तू काय बी करू नगंस. मी करते."

तिचा नवरा बांगड्यांचं ओझं घेऊन जत्रांमागून जत्रा करत हिंडे. घरी सुंदरा आणि तिची साडेचार वर्षांची लेक रेवती, अशा दोघीच. रेवतीच्या आधी एक मुलगा झाला होता. तो दोन वर्षांचा होऊन तापानं गेला. तेव्हापासून सुंदराचा जीव कधी थाऱ्यावर आलाच नाही. रेवती पोटाला आली त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं, की या लेकराला कशाचीही झळ लागू द्यायची नाही.

ठरवलं ते तिनं खरं केलं. घास भरवायची ती, चप्पल चढवायची ती. पोरीला तहान लागायच्या आत पेला ओठाला लागलेला असे. पोर उशिरा चालली, त्याहून उशिरा बोलली, आणि बोलायला लागूनही फारसं बोलत नसे, कारण मागायची वेळच तिच्यावर येत नव्हती. शेजारणी म्हणत, "काय बाई जपती पोरीला! तळहाताच्या फोडासारखी." सुंदराला ते ऐकून धन्य वाटे. आपल्याकडं आई जितकी राबेल तितकी ती थोर ठरते. तिच्या राबण्यानं पोराचं काय होतंय, हे विचारायची कुणाला आठवण होत नाही.

त्या वर्षी गावात बालवाडी निघाली. ती चालवायला मनोरमाबाई नावाच्या एक वयस्क बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त आईबापांना बोलावलं आणि शाळा दाखवली. एक लांबट खोली होती. बुटक्या चौरंगावर पाण्याचा माठ, शेजारी छोटे पेले. एका परातीत चिंचोके आणि हरभरे एकत्र कालवून ठेवलेले. कोपऱ्यात मुलांच्या मापाच्या केरसुण्या, आणि अंगणात वाळूचा ढीग. फळा नव्हता, पाट्या नव्हत्या. छडी तर औषधालाही नव्हती.

आईबापांनी एकमेकांकडं पाहिलं. गावचा शिंपी पुढं होऊन म्हणाला, "बाई, ह्ये समदं आमच्या घरात हाय की. ह्याच्यापायी साळा कशाला?"

"घरात आहे," मनोरमाबाई म्हणाल्या, "पण तुम्ही ते मुलांच्या हाताला लागू देत नाही."

"आन बाराखडी?"

"येईल. तिची वेळ झाली की हसत येईल. आधी हात कामाचे होऊ देत. मनातलं तोंडानं सांगता येऊ दे. ज्या मुलाला तहान लागली म्हणता येत नाही, त्याला 'पाणी' लिहायला शिकवून मी काय करू?"

मग बाईंनी शाळेचा नियम सांगितला. नियम एकच होता, आणि तो मुलांना नव्हता. पहिले आठ दिवस आईनं किंवा बापानं मुलाबरोबर यायचं आणि भिंतीला टेकून बसायचं. हात मांडीवर ठेवायचे. बोलायचं नाही, उठायचं नाही, मदत करायची नाही. मुलांना सांभाळायला बाई होत्या. आठ दिवस जो असा बसेल, त्याचं मूल नवव्या दिवसापासून एकटं शाळेत राहील.

"मंजे परीक्षा आमचीच म्हना की!" मागून कुणीतरी हसून म्हणालं.

"तुमचीच," बाई म्हणाल्या. "मुलं सगळी पास होतात."

सुंदरा मनात हसली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मांडी घालून बसणाऱ्या बाईला बसण्याचं काय भय! दुसऱ्या दिवशी ती रेवतीला घेऊन आली आणि भिंतीला टेकून बसली.

बराच वेळ रेवती आईच्या पदराआड होती. मग पाय न वाजवता ती माठाशी गेली. शिंप्याचा मुलगा तिच्या आधी तिथं पोचला होता. त्यानं पेला बुडवला, अर्धं पाणी अंगावर घेतलं, उरलेलं प्यायला आणि खुदखुदत पळाला. रेवती माठापुढं उभी राहिली. तिनं एक हात पुढं केला, बोटं जुळवली, मनगट सैल सोडलं, आणि मान वळवून आईकडं पाहिलं.

सुंदरा कधी उठली हे तिचं तिलाच कळलं नाही. पेला भरून पोरीच्या ओठाला लावल्यावर मागून बाईंचा आवाज आला, "सुंदराबाई, हात मांडीवर."

पुढच्या दिवशी ती तीनदा उठली. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि स्वतः रेवतीजवळ खाली बसल्या. "हा माठ, हा पेला," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे." रेवतीनं हात पुढं केला. बाई हसल्या, पण त्यांनी पेला उचलला नाही. रेवती तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण तोंडातून शब्द नाही, हुंदका नाही. एक मुलगी ओरडली, "ही मुकी हाय!"

सुंदराच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उठली, आडवी येणारी परात तिच्या पायानं कलंडली, चिंचोके खोलीभर झाले. तिनं लेकीला उचलून खांद्यावर टाकलं. "जळो तुमची साळा!" ती म्हणाली. "पोर तहानेली हुबी हाय आन तुमी बघत बसलाय! माझं एक गेलंय, बाई. ह्ये दुसरं मी जाऊ द्यायची न्हाई."

मनोरमाबाईंचा चेहरा उतरला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं दुःख मोठं आहे, सुंदराबाई. पण ते तुम्ही या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर दिलंय."

सुंदरानं ते ऐकलं, आणि न थांबता उंबरा ओलांडला. पेठेत बसून तिनं दोन दिवस बाईंची यथेच्छ निंदा केली. बांगड्या भरायला आलेल्या बायकांनी मान डोलावली. आईची बाजू घेणं सोपं असतं.

तिसऱ्या दिवशी सुंदराला ताप भरला. दुपारची वेळ होती. पेठ सामसूम होती आणि शेजारची माणसं लग्नाला गेली होती. सुंदरा घोंगडीवर पडली होती. घशाला कोरड पडली. उठायला गेली तर घर फिरल्यासारखं झालं आणि ती पुन्हा आडवी झाली. पाण्याचा तांब्या चार पावलांवर कोनाड्यात होता. हात लांब केला तरी तिथवर पोचत नव्हता.

"रेवू," ती म्हणाली, "मला पानी दे गं."

रेवती जवळ आली. पोर मंद नव्हती. तिला सगळं समजलं. तिनं तांब्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग ती घोंगडीशी उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. बोटं जुळवलेली, अंगठा आत, मनगट सैल. आई उठून करील म्हणून ती वाट बघत राहिली.

सुंदरा त्या हाताकडं बघत राहिली. हा हात तिच्या ओळखीचा होता. रोज कितीक बायका असाच हात तिच्यापुढं धरत. 'तू काय बी करू नगंस, मी करते,' हे ती त्यांना घटकाभरासाठी सांगे. लेकीला मात्र ती हेच साडेचार वर्षं सांगत आली होती. लेकीच्या मरणाला तिनं डोळ्यांत तेल घालून दाराबाहेर ठेवलं होतं. आपणही एक दिवस असणार नाही, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. ते त्या दुपारी शिवलं. मुलगा गेला त्या दिवसानंतर एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती.

"जा माझी बाय," ती पुटपुटली. "दोनी हातानं धर. सांडलं तर सांडू दे."

रेवती हलली नाही. आई उठत का नाही, हेच तिला उमजेना. ती मुकाट्यानं रडू लागली. हाक मारायची कशी, कुणाला, हेही तिला ठाऊक नव्हतं. उन्हं कलल्यावर लग्नाहून परतलेली शेजारची गंगूआत्या डोकावली, तेव्हा दोघी मायलेकी पाण्यापासून चार पावलांवर तहानेनं कासावीस होऊन पडल्या होत्या. आत्यानं दोघींना पाणी पाजलं, काढा करून दिला आणि ताप उतरेपर्यंत घर सांभाळलं.

अंगात उभं राहण्याइतकी ताकद आली त्या सकाळी सुंदरा लेकीचा हात धरून बालवाडीच्या दारात गेली. बाकीच्या आयांचा तो आठवा दिवस होता, त्या सगळ्या बसलेल्या होत्या. ज्यांच्यादेखत ती तावातावानं बोलून गेली होती, त्याच साऱ्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती माघारी फिरली नाही.

"बाई," ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी नापास झाले. मला परत बसवा."

मनोरमाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील."

"मोजा."

त्या आठ दिवसांएवढी मेहनत सुंदरानं आयुष्यात केली नव्हती. हात मांडीवर राहीनात, म्हणून ती ते मांडीखाली दाबून बसू लागली. पहिले दोन दिवस रेवती माठापुढं तशीच हात धरून उभी राही आणि मग परत येऊन आईच्या गुडघ्याशी बसे. सुंदरा तिला जवळ घेई, पण पाणी देत नसे. घरून निघताना भरपूर पाजून आणी आणि घरी गेल्यावर रडून घेई. तिसऱ्या दिवशी रेवती परातीशी रेंगाळली आणि तिनं एक चिंचोका उचलून हरभऱ्यांतून बाजूला ठेवला. चौथ्या दिवशी तिनं पसाभर चिंचोके वेचले. आजवर कुणी आपल्या पोराच्या चिंचोक्यांकडं असं पाहिलं नसेल, तसं सुंदरानं त्यांच्याकडं पाहिलं.

पाचव्या दिवशी रेवतीनं पेला उचलला. माठात बुडवला, बाहेर काढताना तो सुटला आणि घरंगळत भिंतीपाशी गेला. जमिनीवर पाणीच पाणी झालं. तिनं घाबरून आईकडं पाहिलं. आई ओठ दाबून बसली होती. तिच्या दोन्ही गालांवर आसवं होती, आणि हात मांडीखाली असल्यामुळं ती पुसताही येत नव्हती. बाईंनी रेवतीपुढं एक फडकं सरकवलं. "सांडलं की पुसायचं, एवढंच," त्या म्हणाल्या.

रेवतीनं पुसलं. पुन्हा पेला बुडवला, पुन्हा सांडलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या खेपेला घोटभर पाणी ओठांपर्यंत पोचलं. ती प्यायली. मग रिकाम्या पेल्यात बघत कुणालाच उद्देशून नव्हे असं ती म्हणाली, "गार हाय."

शाळेतलं तिचं ते पहिलं बोलणं. तिला मुकी म्हणणारी मुलगी तिच्याजवळ येऊन बसली आणि दोघी मिळून पाणी सांडू लागल्या.

आठवा दिवस संपला तेव्हा मनोरमाबाई म्हणाल्या, "सुंदराबाई, उद्या तुम्ही यायचं नाही. दारापर्यंत सोडा आणि कामाला जा." सुंदरानं मान हलवली. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याबरोबर आत काहीतरी तुटलं, आणि कासारीण असूनही मनात तिनं तोच शब्द उच्चारला.

नवव्या दिवशी सकाळी रेवतीनं फ्रॉक हातात घेतला आणि म्हणाली, "मी." घालता घालता ऊन उंबऱ्यावर आलं. बाजाराचा दिवस होता, गिऱ्हाइकं खोळंबली असणार, तरी सुंदरा उंबऱ्यात बसून राहिली. शेवटी गुंड्या लागल्या, पण एका काजाची दुसऱ्या काजात गेली होती. एक बाजू वर, एक बाजू खाली. सुंदराच्या बोटांना कंड सुटला. तिनं ती मुठीत आवळली. लेकीच्या मागून चालत तिला दारापर्यंत सोडलं. रेवती आत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

सुंदरा रस्त्यात उभी राहून रडली. शिंप्याची बायको मुलाला सोडून बाहेर येत होती. ती जवळ येऊन म्हणाली, "अगं सुंदरा, पोरीचा फराक बघितलास का? समदा वाकडा झालाय. लोक काय म्हंतील? जा, आत जाऊन नीट करून ये."

सुंदरानं पदरानं डोळे पुसले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिचा तिनं घातलाय."

तात्पर्य: लेकरासाठी सगळं आपण करायचं, ही माया खरी, पण अपुरी. लेकराला स्वतःचं काम स्वतः करू द्यायचं आणि तेवढा वेळ आपले हात आवरून बसायचं, ही उरलेली माया. आणि बालवाडीत ती मुलांच्या आधी आईबापांनी शिकायची असते.