धुरपदाआईची झोप

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या गावाला धड पायवाटसुद्धा नव्हती तेव्हा, इथे धुरपदाआई राहायची. कुणाचा पाय चिघळो, कुणाचं गळू फुटो, माणसं तिच्याच दारात. ती कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची आणि कसलासा पाला वाटून बांधायची. कसला, ते तिच्या गुरूनं तिला कानात सांगितलेलं. नाव फोडलं की औषधाचा गुण जातो, अशी शपथच होती. असं म्हणतात, तिच्या हातची जखम सातव्या दिवशी कोरडी व्हायची.

पण बाई थकली हो! चाळीस वर्षं हेच. घास उचलावा तर अंगणात कुणीतरी कण्हतंय, पाठ टेकावी तर 'आई, ऊठ'. बरी झालेली माणसं फिरून तिच्याकडे बघतही नसत. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मग तिच्याच टाचेला जखम झाली. वैद्यानं स्वतःला पाला बांधायचा नाही, हीही गुरूची आज्ञा. दुसऱ्या कुणाला पाला ठाऊक नाही. टाच सडत चालली, आणि अंगणात माणसं येतच होती.

श्रावणातल्या एका दुपारी ती काठी टेकत पारावर आली. म्हणाली, "ऐका रे. तो दगडीपाला आहे. तुमच्या बांधावर उगवतो ना, तोच."

लोकांनी कानांवर हात ठेवले. भागू कुंभारीण तर रडायलाच लागली. "आई, काय केलंस हे! गुण गेला तर आमच्या लेकरांना कोण बरं करणार?"

"तुम्हीच करा. मला आता झोपू दे गं, बाई. मी फार दमलेय."

भागू उठून बांधावर गेली. तिनं दगडीपाला खुडला, भीत भीत वाटला आणि आईच्या टाचेवर बांधला. आई आडवी झाली ती झोपलीच. असं म्हणतात, सात दिवस गावात कोंबडा आरवला नाही, तान्हं पोर रडलं नाही. सातव्या दिवशी भागूनं पट्टी सोडली. टाच कोरडी, स्वच्छ! पाल्याचा गुण गेलाच नव्हता. ती आनंदानं हाका मारत सुटली. आई मात्र उठली नाही.

अजून आपल्याकडे पाला बांधताना त्याचं नाव मोठ्यानं घेतात, शेजारघरी ऐकू जाईल असं. आणि श्रावणातल्या त्या सात दुपारी कुणी कुणाला उठवत नाही. सासूसुद्धा सुनेला नाही.