कोपऱ्यातल्या खाटेची नाडी

एकोणीसशे सत्त्याण्णव सालचा भाद्रपद. पाऊस ओसरला होता, पितृपक्ष लागला होता. तेव्हा एका जिल्ह्याच्या रुग्णालयात एक शिकाऊ परिचारिका होती. तिला शिकवणाऱ्या वृद्ध परिचारिकेला सगळे बाई म्हणत.

पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक गवंडी होता. त्याला एचआयव्हीची लागण होती. दिवसातून तीनदा त्याची नाडी मोजायची, ताप पाहायचा आणि खाटेला अडकवलेल्या तक्त्यावर लिहायचे, हे त्या शिकाऊ मुलीचे काम. पहिल्या दिवशी ती येताच गवंड्याने हात पुढे केला. मुलगी दोन पावले दूरच थांबली. नाडी न मोजताच निरोगी माणसाचा आकडा, बहात्तर, लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेली. दुपारी बहात्तर, संध्याकाळी बहात्तर. ताप नाही. चौथ्या दिवसापासून गवंडी हात चादरीखालीच ठेवू लागला. डॉक्टरही पायथ्याशी उभे राहून तक्ता वाचत आणि पुढे जात.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मुलीलाच मलेरियाने गाठले. ती वसतिगृहात पडून राहिली. गोळ्या मिळत होत्या. सकाळी बाई आल्या, दारातच थांबल्या. तिच्याकडे न पाहता कागदावर काही लिहिले, कागद दाराच्या कडीत खोचला आणि निघून गेल्या. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मुलीला कळेना आपले काय चुकले. अंग भाजत होते, छाती धडधडत होती. कपाळावर कुणाचा तरी हात पडावा, एवढेच तिला हवे होते. तिसऱ्या दिवशी भिंत धरत ती दारापर्यंत गेली आणि कागद वाचला. प्रत्येक ओळीत बहात्तर. ताप नाही.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा ती रडत म्हणाली, "बाई, हात तरी लावून बघा."

बाई आत आल्या. खाटेवर बसून तिचे मनगट धरले आणि पूर्ण मिनिट मोजले.

"एकशे दहा. आता ऐक. त्या गवंड्याची छातीही अशीच धडधडत होती. तू पडलीस त्या दिवशी मी त्याचं मनगट धरलं, तेव्हा कळलं. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरलाय. औषध चालू केलंय, पण उशीर झाला. डॉक्टरांनी तुझ्या बहात्तरवर विश्वास ठेवला. रक्ताला हात लावायचा तर हातमोजा घालायचा, आणि तो सगळ्यांच्याच रक्ताला. मनगट धरून हा रोग कुणाला होत नाही. नऊ दिवस, रोज तीनदा, एकेक मिनिट. एवढं तू त्याचं देणं लागतेस. ते फेड. मग तुला ठेवायचं की घरी धाडायचं, ते मी बघेन."

दोन दिवसांनी ताप उतरला. मुलगी थेट कोपऱ्यातल्या खाटेशी गेली. गवंडी उशांना टेकून बसला होता, धापा टाकत. तिने हात पुढे केला. त्याने आपला हात बाहेर काढला नाही.

"बहात्तर लिहा, सिस्टर," तो म्हणाला. "मला सवय झालीय."

ती स्टुलावर बसली. चादरीखालून त्याचा हात तिने हळूच बाहेर घेतला. सिमेंटने खाल्लेली बोटे, हाडाला चिकटलेले मनगट. तिने घड्याळाकडे पाहत मोजले.

"एकशे छत्तीस."

"तरीच," गवंडी म्हणाला. "मला वाटलं, मीच घाबरट, म्हणून छाती धडधडतेय."

तिने हात सोडला नाही. पुन्हा मोजले. पुन्हा लिहिले. सत्तावीस मिनिटे भरली, तरी ती उठली नाही. बाई येऊन पायथ्याशी उभ्या राहिल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी बोटांखाली नाडी लागेना. तिने दुसरे मनगट पाहिले, मानेजवळ पाहिले. मग तक्त्यावर वेळ लिहिली आणि तक्ता बाईंच्या हाती दिला.

बाईंनी तो वाचला आणि मुलीच्या आकड्यांखाली आपली सही केली.