राजाच्या तोंडातला हिरवा मणी

एका राज्यात राजा मेला की त्याला पायऱ्यापायऱ्यांच्या देवळाच्या पोटात निजवीत. देऊळ डोंगराएवढं. जुन्या देवळावर नवं चढे, नव्यावर आणखी नवं. मेलेल्याच्या अंगाला शेंदूर फासत आणि तोंडात हिरवा मणी ठेवीत. त्या मण्यात त्याचा श्वास विसावे.

तर, राजा चाकेक गेला. राणी इश्काननं सगळी रीत पाळली. पण शेवटच्या घडीला मणी त्याच्या ओठांतून काढला आणि आपल्या गळ्यात बांधला. तिला वाटलं, धन्याचा श्वास तेवढा जवळ राहील. बिघडलं ते तिथंच. बेघर झालेला श्वास भटकत भटकत तान्ह्या राजपुत्राच्या पाळण्याशी आला. पोर निळं पडलं.

छपरावरचा लाल पोपट बोलला, "निक्ते राजकन्ये, दिवस मावळायच्या आत मणी जागेवर ठेव. मणी राणीनं राजीखुशीनं द्यावा. देवळाखालच्या नदीवर कुत्र्यानं तुला पाठीवर घ्यावं. आणि बापाशी तू बोलू नये. बोललीस, तर तुझाच श्वास जाईल."

निक्ते आईपुढं उभी राहिली. "आईसाहेब, मणी द्या."

"कोण मागतंय? तू, का तुझा बाप?"

"पाळण्यातला."

राणीनं पाळण्याकडं पाहिलं. गाठ सुटेना, तशी तिनं दोरी दातानं तोडली.

निक्ते देवळाच्या पोटात उतरली. नव्याच्या आत जुनं, जुन्याच्या आत त्याहून जुनं, आणि तळाशी काळी नदी. काठावर कुत्रे बसलेले.

पांढरा म्हणाला, "मी आत्ताच न्हालो."

काळा म्हणाला, "माझं अंग आधीच मळलंय."

पिवळा उठला. "ह्या दोघांची रोजचीच रड. बस पाठीवर. कान तेवढे ओढू नकोस."

पलीकडं राजा शेंदरानं लाल होऊन निजला होता. त्यानं डोळे उघडले.

"निक्ते, आलीस? गार वाटतंय गं. एकदा बाबा म्हण."

तिनं ओठ घट्ट मिटले.

"रागावलीस? इतकं लांब येऊन बोलत नाहीस?"

तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या हातावर पडलं. मग रुसून त्यानंही ओठ मिटले. मणी आत जाईना. वर दिवस कलत होता. ती मणी धरून थांबली, हलली नाही, की हुंदका दिला नाही. शेवटी राजाला राहवेना.

"निक्ते—"

हाकेला तोंड उघडलं, तोच तिनं मणी आत सारला आणि ओठांवर तळवा ठेवला. हळूहळू राजाचे डोळे मिटले.

त्याच घटकेला पाळण्यातल्या पोरानं टाहो फोडला. त्याचा निळेपणा ओसरला.

निक्ते वर आली तेव्हा राणी स्वतःच्या हातानं दाराच्या दगडाला चुना लिंपत होती. शेवटची फट बुजली, तशी ती ओल्या हातानं दगड थोपटत म्हणाली,

"निजा आता. पोर भुकेलंय, मला गेलं पाहिजे."